बसणारी बाई

माझं काम बसण्याचं होतं. बसून करायची कामं वेगळी. शिंपी बसून करतो, कारकून बसून करतो. मी नुसती बसायची. बसायचं आणि हलायचं नाही, एवढंच काम, आणि त्याचा पगार. चित्रकलेच्या कॉलेजात पोरं चित्रं काढायला आणि मातीची डोकी घडवायला शिकतात, तेव्हा त्यांच्यासमोर एक जिवंत माणूस लागतं. हैदराबादच्या एका कॉलेजात ते माणूस मी होते. उमेदीची सगळी वर्षं तिथं बसले, आणि गुडघे गेल्यावर घरी बसले. घरी बसण्याचे पैसे कोणी देत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण विचारल्यावाचून कोणी राहत नाही. कपडे घालून. साधी सुती साडी आणि कोपरापर्यंत पोलकं. कपडे न घालता बसणाऱ्या बायकाही असतात, एक-दोघींची माझी ओळख होती. त्यांचं काम माझ्यापेक्षा अवघड, थंडीत तर फारच. त्यांच्याबद्दल जास्त वाचायचं असेल तर दुसरा अंक घ्या.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाई म्हणाल्या, "तुमचे अनुभव लिहा, आणि भावना येऊ द्या." अनुभव आहेत. भावनांचं बघू. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नात शुद्धलेखन तपासणार होती, पण तिचं मराठी माझ्यापेक्षा कच्चं निघालं. तेव्हा आहे ते असं आहे.

या बसण्यापायी माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं. तेच सांगायला घेतलंय. पण त्याआधी बसणं म्हणजे काय ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल.

कॉलेजात मी आधी कँटीनमध्ये होते, कांदे चिरायला. एक दिवस नेहमीचा बसणारा म्हातारा आला नाही. मूर्ती सर कँटीनच्या दारात येऊन इकडंतिकडं बघायला लागले. आडनाव मूर्ती, आणि शिकवायचेही मूर्तीकाम. मला बघून म्हणाले, "ऊरिके कूर्चोंडि अम्मा, ऊरिके." तेलुगूत याचा अर्थ, उगीच बसा हो बाई, नुसत्या बसा. मी हात पुसले आणि गेले. कांद्यापेक्षा वाईट काय असणार, असं वाटलं. थोड्याच वेळात कळलं की कांदा बरा. कांदा चिरताना निदान डोळे पुसता येतात.

घरी सांगितलं तेव्हा आमचे मालक खाटेवर आडवे होते. ते एका छापखान्यात होते. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी दुसरं काम धरलं नाही. "बसायचे पैसे देतात?" असं म्हणून ते उठून बसले. तेव्हापासून आमच्या घरात दोघंही बसायचो. फरक एवढाच, की मला मधे सुट्टी व्हायची. चारचौघांत मात्र ते सांगायचे, "घरची कॉलेजात असते." असते म्हणजे काय करते, असं कोणी विचारलं की पान आणायला उठायचे. आमच्या बरकतपुऱ्यातले सगळे पानवाले त्यांना नावानं ओळखत.

आता काम. बाहेरच्याला वाटतं, स्थिर बसलेलं माणूस म्हणजे काहीच न करणारं. मलाही तसंच वाटायचं. पण बसल्यावर थोड्या वेळानं सगळं वजन ढुंगणाच्या दोन हाडांवर उतरतं. स्टूल ते वजन पोटात घालत नाही, परत करतं. तुम्ही जितक्या जड, तितक्या जोरानं ते खालून वर दाबतं. त्यात खांदे खाली ओघळतात, मान पुढं जाते, पाठ म्हणते मागं टेक, आणि मागं काही नसतं. म्हणजे नुसतं बसायचं म्हटलं तरी अंगाच्या आत दिवसभर ओढाताण चालू असते. कोणाचीच सरशी होत नाही, म्हणून बाहेरून शांत दिसतं. संसारही असाच असतो, पण तो विषय वेगळा.

नात नववीत आहे. तिच्या पुस्तकात हेच सगळं दिलेलं आहे, हे मला आत्ता कळलं. ती इंग्रजीतलं वाचून मला समजावून देत होती. "आजी, वस्तू रेस्टमध्ये असली ना, तरी तिच्यावर फोर्स असतात. वेट खाली, स्टूलचा फोर्स वर. दोन्ही सेम, म्हणून ती हलत नाही. सगळ्यांना वाटतं काहीच फोर्स नसतो. एक्झाममध्येपण हीच मिस्टेक करतात."

"म्हणजे स्टूल मला वर ढकलत होतं?"

"हो."

"आयुष्यात मला वर ढकलणारं दुसरं कोणी भेटलं नाही. शेवटी स्टूलच निघालं."

"आजी, तसा अर्थ नाही होत त्याचा," ती म्हणाली. माहीत आहे, होत नाही.

कामाच्या काही खुणा सांगते. पहिल्यांदा बसलं की पोरं पायांभोवती आणि स्टुलाभोवती खडूनं रेघ मारतात, म्हणजे सुट्टीनंतर तिथंच परत बसता येतं. नजर लावायला भिंतीवरचा खिळा धरायचा. पाल धरायची नाही, ती जागा सोडते. पाय एकावर एक टाकायचे नाहीत. दिसतं छान, पण उठताना वरचा पाय आपला नसतो. नवीन बाई पहिल्या दिवशी देवीसारखी ताठ बसते आणि दुपारपर्यंत पोत्यासारखी होते. मग पोरं ओरडतात, कारण त्यांनी सकाळी देवी काढलेली असते. म्हणून सुरुवातीलाच थोडं पोतं व्हायचं. पंखा लावायचा नाही, पदर हलतो. आणि रेशमी साडी नेसायची नाही. एका नव्या विचाराच्या पोरानं मला उतरत्या फळीवर बसवलं होतं. सुती साडीत मी टिकून राहिले. दुसऱ्या दिवशी त्याला चमक पाहिजे म्हणून रेशमी नेसून गेले, तर सरळ घसरत त्याच्या इझलवर जाऊन आदळले. नातीच्या पुस्तकात त्यालाही नाव आहे. मी त्या पोराला वेगळं नाव दिलं होतं.

गिऱ्हाइकं म्हणजे विद्यार्थी. त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंक पुरायचा नाही. एकानं मला इतकी गोरी केली की आईनं घरात घेतलं नसतं. एकीनं दोन्ही हात डावे काढले आणि मलाच म्हणाली, अम्मा, तुम्ही हलल्या असाल. मातीकामवाल्यांचं तर विचारूच नका. परीक्षा झाली की पुतळे मोडून माती भिजत घालायची, तीच पुढच्या वर्षीच्या पोरांना. म्हणजे माझं डोकं भिजवून, मळून, त्याच मातीचं परत माझंच डोकं करायचे. एवढ्या वेळा घडवूनही नाक कोणाला जमलं नाही. माझं नाक मधे थोडं बसकं आहे आणि टोकाला परत उठतं. पोरांना एक तर बसवता यायचं किंवा उठवता यायचं.

आता लग्नाचं.

माझी लेक शैला एका औषधाच्या दुकानात कामाला होती. तिला दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यानं बापाचं बसणं बघून नकार दिला. दुसरं माझ्या तोंडापायी गेलं, असं शैलाचं म्हणणं. मी एवढंच विचारलं होतं, की मुलगा सारखा घाम का पुसतो. तिसरं स्थळ हैदराबादच्याच तारनाक्याचं. मुलगा रेल्वेच्या ऑफिसात, सरळ वाटला, आणि शैलाला मनापासून आवडला. आमच्या पोरीला काही आवडलंय, असं फार वेळा झालं नव्हतं. तिनं मला बजावलं, "आई, या वेळी तू काही बोलायचं नाहीस. लग्न लागेपर्यंत तोंड बंद." मी म्हटलं, बरं.

बोलणी झाली, सुपारी फुटली. मुलाची आई चंद्रकलाबाई उदगीरकडच्या एका गावातली, मुलाचं घर चालवायला नुकतीच हैदराबादला आलेली. (नाव बदललं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, लिहा, पण नाव चांगलं ठेवा.) हिंदी-उर्दू तिला समजायची, तेलुगूचं एक अक्षर नाही. बोलण्यांच्या दिवशी तिनं विचारलं होतं, विहीणबाई काय करतात? मालक म्हणाले, "कॉलेजात असतात," आणि पान आणायला उठले. मी तोंड बंद ठेवलं होतं. तिचा समज झाला, मी शिकवते.

एक दिवस ती हळदीकुंकवाचं काहीतरी घेऊन, न सांगता बरकतपुऱ्याला आली. दाराला कुलूप. मी कामावर, शैला दुकानात, मालक पानावर. शेजारी आमची जैबुन खाला दारात तांदूळ निवडत होती. चंद्रकलाबाईनं तिला विचारलं, या घरच्या बाई कुठं गेल्या?

खाला माझी जुनी मैत्रीण, माझ्या कामाचं तिला फार कौतुक. तिनं तोंड भरून सांगितलं, "उनों? उनों तो बैठते ना! पोट्ट्यां के सामने बैठते, पूरा दिन. पैसे बी अच्छे मिलते, माशाल्ला."

आता बघा. 'बैठते' हा शब्द खालानं आदरानं वापरला होता. पण आपल्याकडं काय नि त्यांच्याकडं काय, बाई बसते असं म्हटलं, आणि वर पोट्टे, म्हणजे पोरं, आणि पैसे आले, की ऐकणाऱ्याच्या मनात एकच धंदा येतो. चंद्रकलाबाईच्या मनात तोच आला. तिनं हळदीकुंकू परत पिशवीत टाकलं आणि विचारलं, "कहां बैठते?"

"कालेज में. देखना है? जाओ ना, आटो में बैठो, मैं बोल देती उसको." खालानं स्वतः रिक्षा थांबवून तिला बसवून दिलं. वर सांगितलं, चाय भी मिलती वहां.

त्या दिवशी कॉलेजात लावण्या नावाच्या वरंगलच्या पोरीचं शेवटच्या वर्षाचं चित्र चालू होतं. बरेच दिवस मी तिच्यासाठी बसत होते, तिच्या वर्गातली पोरंही भोवती उभी राहून मला काढायची. सगळा चेहरा झाला होता, तोंड तेवढं राहिलं होतं. दुपारनंतर बाहेरचे परीक्षक येणार होते. तिनं हात जोडून मला सांगितलं होतं, "अनसूयम्मा, आज ओठ. प्लीज, कदलकंडि." कदलकंडि म्हणजे हलू नका. हा शब्द मी या जन्मात जेवढा ऐकला तेवढा माझं नाव ऐकलं नसेल. त्याच हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात खालच्या वर्गातली पोरं रिकामी बसली होती. त्यांच्यासाठी बोलावलेली दुसरी, नवी बाई अजून आली नव्हती, आणि मूर्ती सर जिन्याकडं बघत येरझाऱ्या घालत होते.

जिन्यावरून चंद्रकलाबाई आली. जिना चढून दम लागलेला, तोंड लाल, पिशवी छातीशी. तिनं काय बघितलं? एक मोठी खोली, तिच्यात ओट्यावर बसवलेली तिची विहीण, आणि भोवती उभी पोरं टक लावून बघतायत. मूर्ती सरांना वाटलं, आलीच दुसरी बाई. ते दोन्ही हात पुढं करून फार आदरानं तिला सामोरे गेले.

"रंडि अम्मा, रंडि, रंडि!"

तेलुगूत 'या' म्हणायचं तर रंडि म्हणतात. हैदराबादला नव्या आलेल्या प्रत्येक मराठी माणसाचं एकदा तरी यावरून डोकं फिरतं. पण बाकीच्यांचं फिरतं ते बाजारात किंवा बँकेत. हिचं कुठं आणि कशानंतर फिरलं, ते बघा. संपादकबाईंना हा शब्द काढायचा असेल तर काढावा, पण मग माझी गोष्ट इथंच संपते.

"कोणाला म्हणतो रे भाड्या!" ती अशी ओरडली की पोरांचे ब्रश थांबले. मूर्ती सरांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, बाई उशीर झाल्याबद्दल माफी मागते आहे. ते म्हणाले, "परवालेदु, परवालेदु," म्हणजे असू द्या, असू द्या, आणि तिच्याकडं स्टूल सरकवलं.

ती माझ्या ओट्यासमोर आली. "विहीणबाई, हे काय मांडलंय तुम्ही?"

माझ्या ओठांवर त्या वेळी लावण्याचा ब्रश होता. म्हणजे कागदावरच्या ओठांवर, पण आमच्या कामात ते एकच. मी खिळ्याकडं बघत राहिले.

"बोला की! कामून बोलंना? पोरगी दाखवली, बाप दाखवला, अन् स्वतःचं काय ते झाकून ठिवलं?"

मी गप्प. मला बोलायचं नव्हतं असं नाही. बोलायला माझ्याकडं पुष्कळ होतं, काही तर फार चांगलं सुचलं होतं. पण एकीकडं लावण्या, तिच्या डोळ्यांत पाणी, पुटपुटत होती, कदलकंडि, कदलकंडि. तिचं वर्ष माझ्या ओठांवर होतं. दुसरीकडं शैला. ही बाई आता उठून गेली की तिचं लग्न गेलं. आणि तोंड उघडू नकोस, असं त्या शैलानंच बजावलेलं. एकीसाठी गप्प बसावं तर दुसरीचं मोडतंय. बोलावं तर त्या दुसरीनंच तोंड बंद ठेवायला सांगितलंय. सगळ्या बाजूंनी ओढ, आणि मी जागच्या जागी. बघणाऱ्याला वाटावं, बाई किती शांत.

"गप बसल्यात बघा! खरं असल्याबिगर माणूस असं गप बसंल का?" चंद्रकलाबाईनं स्टूल ओढलं, माझ्या तोंडासमोर मांडलं आणि त्यावर दाणकन बसली. एक हात गुडघ्यावर, दुसरा कपाळाला, डोळे माझ्यावर. "तुम्ही जाब देईस्तवर मी बी इथून हलणार न्हाई. बघतेच."

आणि हलली नाही.

खालच्या वर्गातली पोरं आधी एकमेकांकडं बघायला लागली. मग एकीनं हळूच कागद लावला. अशी पोज त्यांना कधी मिळाली नव्हती. मला बसवायला अर्धा तास जायचा, ही बाई आल्या आल्या बसली, आणि काय बसली! एकजण वाकून तिच्या पायांभोवती खडूची रेघ मारून आला. ती बघत होती माझ्याकडं, तिला कळलंसुद्धा नाही. मधे तिच्या पिशवीत फोन वाजला. देवाची आरती लावलेली, पूर्ण वाजली, परत वाजली. फोन मुलाचा होता, ते नंतर कळलं. तिनं घेतला नाही. हलणार नाही म्हटल्यावर हलायचं कसं? एकदा तिचा हात कपाळावरून जरा खाली आला, तर तीन पोरं एकदम ओरडली, "कदलकंडि अम्मा!" ती दचकली आणि हात होता तिथं परत गेला. अर्थ कळला नसेल, पण तो आवाज असा असतो की माणूस थांबतं.

तर आम्ही दोघी. समोरासमोर. मी बोलणार नाही, ती हलणार नाही. माझ्या कामात मी बरंच बसले, पण समोरून कोणी तितक्याच जोरानं बसलंय, असं एकदाच झालं.

घंटा झाली. लावण्यानं ब्रश ठेवला आणि मान हलवली. झालं. मी ओठ सोडले, पायाची बोटं हलवली, उतरले.

"विहीणबाई," मी म्हटलं, "मी बसते ती ही अशी. पोरं चित्रं काढतात. बाकी काही नाही."

ती माझ्याकडं, मग लावण्याच्या चित्राकडं, मग परत माझ्याकडं बघायला लागली. "मग तोंडानं सांगायला काय झालतं?"

"ती पोरगी तोंडच काढत होती."

ती उठायला गेली आणि ओरडली, "अगं आई! पाय कुठं गेला माझा?"

"आहे तिथंच. एकदम उठू नका. आधी बोटं हलवा. मग घोटा. मला धरा." तिनं माझा खांदा धरला. पायाला मुंग्या आल्या तशी तिनं जी तोंडं केली, ती पोरांनी काढायला पाहिजे होती. "अन् हे तुम्ही रोज करता?" ती म्हणाली. मी म्हटलं, रविवार सोडून.

लंगडत ती पोरांच्या कागदांपर्यंत गेली. प्रत्येक कागदावर ती स्वतः. कपाळाला हात, डोळे वटारलेले. तिनं सगळे बघितले, मग म्हणाली, "माझं नाक एवढं मोठं हाय?"

"हाय," मी म्हटलं. आता तोंड मोकळं होतं.

मूर्ती सर आनंदानं आले. अशी बाई कुठून मिळाली, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "रेपु कूडा रंडि अम्मा, रंडि!"

ती परत ताठ झाली. मी सांगितलं, "उद्यापण या म्हणतायत. रंडि म्हणजे या."

तिनं सरांकडं बघितलं. "म्हंजी आल्या आल्या मला..."

"या म्हणाले."

"अन् मी त्यास्नी काय म्हणले, ते कळलं का त्यास्नी?"

"त्यांना मराठी येत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग सरांनी तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. ती बघतच राहिली. "हे कशाचं?"

"बसण्याचे."

विस्तव हातात दिल्यासारखं तिनं ते पाकीट धरलं. "म्हंजी मी बी..."

"हौ," मी म्हटलं, "पोट्ट्यां के सामने."

तिनं इकडंतिकडं बघितलं. पाकीट परत द्यावं तर सर निघून गेले होते, आणि टाकून द्यावं अशी ती बाई नव्हती. तिनं ते कमरेला खोचलं. आम्ही चहा घेतला. कॉलेजातली रीत अशी की सुट्टीतला पहिला चहा बसणाऱ्या बायकांचा. तिनं तो फुंकून फुंकून प्यायला आणि बिस्किट बुडवताना हळूच म्हणाली, "आमच्या घरी सांगू नका बरं का, विहीणबाई."

मी म्हटलं, मी सध्या काही बोलतच नाही.

जिन्यापर्यंत तिला सोडायला गेले. लग्नाचं काय, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं. शैलाचं बजावणं आठवून गिळलं. दोन पायऱ्या उतरून ती थांबली, कमरेवर हात दाबला आणि मागं वळून म्हणाली, "मानपानाची साडी जरीची घेऊ नका. बसायला बोचती."

लग्न झालं. साडी सुती घेतली. शैलाला सगळं पुढं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू तोंड उघडलं असतंस तर मोडलंच होतं." असेल. लावण्याच्या चित्रापुढं परीक्षक बराच वेळ उभे राहिले म्हणे, आणि म्हणाले, या बाईला खूप काही बोलायचं आहे, पण ती बोलत नाही. ते परक्या माणसाला कळलं. विहिणीला कळायला पाय बधिर व्हावा लागला.

चित्र लावण्यानं वरंगलला नेलं. माझ्या घरात माझं एकही चित्र नाही. पोरं द्यायला तयार असायची, पण मालक म्हणायचे, भिंतीला खिळा कशाला. ते गेले. एकदाही येऊन बघितलं नाही त्यांनी, मी कशी बसते ते. बोलावलं मीही नव्हतं. असो.

शेवटी शेवटी काम फोननं खाल्लं. हायटेक सिटीकडं सुट्टीच्या दिवशी चित्रकलेचा एक वर्ग चालायचा. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी यायची. मला बोलावलं होतं. मी स्टुलावर बसले, खिळा शोधला, अंग सोडलं, तोवर सगळ्यांनी फोन काढून फोटो घेतले. "झालं काकू, थँक यू. तुम्ही निघालात तरी चालेल. उगीच त्रास नको." गाडीभाड्यासकट सगळं दिलं, माणसं चांगली होती. नंतर त्यांनी त्या फोटोवरून काढलेली चित्रं बघितली. नाक बरोबर होतं, अगदी हुबेहूब. पण त्या चित्रांतली बाई स्टुलाला टेकलेलीच नव्हती. बसली होती, पण वजन कुठं पडलेलं नव्हतं. स्टूल काढून घेतलं असतं तरी ती तशीच राहिली असती. मी त्यांना काही बोलले नाही. शैला बरोबर आली होती.

आता तारनाक्याला लेकीकडं गेले की बाल्कनीत आम्ही दोघी विहिणी बसतो. तिचेही गुडघे गेले आहेत. परवा नात समोर पुस्तक घेऊन बसली होती. तिला गृहपाठ होता, स्थिर वस्तूवरचे फोर्स दाखवा. ती म्हणाली, "आजी, तुम्ही दोघी बसल्यात ना, तुमचंच काढते." मला सवय. मी मान सरळ केली, कुंडीवर नजर लावली. चंद्रकलाबाईनं न विसरता एक हात गुडघ्यावर ठेवला आणि दुसरा कपाळाला लावला.

नातीनं पट्टीनं दोन चौकोनी खोकी काढली. प्रत्येक खोक्याला एक बाण खाली आणि तेवढाच एक बाण वर. झालं म्हणाली. आम्हाला नीट बसायलाही वेळ मिळाला नाही.

चंद्रकलाबाईनं चष्मा लावून बघितलं. "यात मी कुठली?"

"मोठं खोकं तू."

ती रागावली. मी वही हातात घेऊन नीट बघितली. एवढ्या वर्षांत एवढ्या पोरांनी मला काढलं, एकालाही नाक जमलं नाही. हिनं नाकच काढलं नाही. वजन मात्र दोन्ही बाजूंनी बरोबर धरलंय.

"आता हलू का?" चंद्रकलाबाईनं विचारलं. तिचा हात अजून कपाळावरच होता.